चित्रकार आबालाल रहिमान व त्यांच्या चित्रांचें प्राक्तन

देवादिकांचीं आणि पूर्वजांचीं चित्रें आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या आहेत. परंतु नुसतें पाणी, झाड व आकाश एवढाच विषय घेऊन काढलेलें चित्र भिंतीवर लावण्याची चाल आपल्याकडे फार जुनी नव्हे. युरोपांतहि निसर्गचित्रास मानाचें स्थान सावकाशच मिळालें. नॉर्वेच्या निसर्गचित्रकलेचा जनक म्हणून ज्यास मान देतात, तो योहान क्रिश्चन दाल हा बर्गन बंदरांतील एका कोळ्याचा मुलगा. १८१८ सालीं तो जर्मनींतील ड्रेस्डेन शहरीं गेला व तेथेंच राहिला. परंतु त्याच्या कुंचल्यास ओढ राहिली ती मायदेशच्या डोंगरांची आणि धबधब्यांची. चित्रें काढूनच तो थांबला नाहीं. नॉर्वेच्या राजधानींत राष्ट्रीय चित्रसंग्रह व्हावा म्हणून त्यानें खटपट केली व आपल्याजवळचीं चित्रेंहि त्यास दिलीं. १८५७ सालीं तो वारला. त्याचें काम ऑस्लो येथें आजहि पाहावयास मिळतें.

त्याच १८५७ सालीं मुंबईंत सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळा सुरू झाली. आमच्या लालबागेहून भायखळ्यावरून कोटाकडे जाणारास क्रॉफर्ड मार्केटापाशीं ती लागते. १८८० नंतरच्या दशकांत, जॉन ग्रिफिथ्स हे तेथील मुख्य असतां, कोल्हापूरचा एक तरुण तेथें शिकत होता. कुराणाच्या हस्तलिखित प्रती करणाऱ्या घराण्यांत जन्मलेले हेच आबालाल रहिमान होत.

शिक्षण संपल्यावर मुंबईंत राहून धनिकांचीं व्यक्तिचित्रें काढावीं, तर द्रव्य व लौकिक दोन्ही मिळण्याजोगीं होतीं. आबालाल कोल्हापुरास परतले. छत्रपति शाहू महाराजांनीं त्यांस दरबारचे चित्रकार नेमिलें. तथापि त्यांचें मन रमलें तें कोटितीर्थाच्या व रंकाळ्याच्या काठीं. संध्यामठ, पाण्यांतील छाया, पावसाळी आभाळ, हे विषय त्यांनीं पुनःपुन्हा हाताळले. जागा तीच असली तरी प्रकाश रोज निराळा असतो, हें ज्यास उमगलें त्यास नवें स्थळ शोधीत हिंडावें लागत नाहीं. तैलरंग आणि जलरंग दोन्ही त्यांस वश होते.

१९२२ सालीं महाराज निवर्तले. त्या दुःखांत आबालालांनीं आपलीं असंख्य चित्रें कोटितीर्थाच्या पाण्यांत सोडून दिलीं, असें कोल्हापुरांत सांगतात. आख्यायिका शब्दशः खरी असो वा नसो, त्यांच्या कामापैकीं थोडेंच आज हातीं उरलें आहे. १९३१ सालीं ते वारले. कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील संग्रहालयांत त्यांचीं कांहीं चित्रें आहेत.

चित्रें गेलीं तरी वळण राहिलें. कोल्हापूरच्या पुढील पिढीच्या कलावंतांनीं, बाबूराव पेंटर यांनींहि, आबालालांस मोठें मानिलें. बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनींत व्ही. शांताराम तयार झाले आणि त्यांनीं १९४२ सालीं लालबागेच्या शेजारींच, परळास, राजकमल कलामंदिर उभारिलें. कोल्हापूरच्या तळ्याकांठीं जोपासलेली दृष्टि गिरणगांवापर्यंत पोंचली ती अशी.

दालची चित्रें टिकलीं, कारण त्यांस ठेवावयास घर मिळालें. आबालालांच्या बहुतेक चित्रांस तें लाभलें नाहीं. हा दोष एकट्या चित्रकाराचा नव्हे. चित्र सांभाळणें हें समाजाचें काम आहे आणि त्याचा आरंभ आपल्या घरांतच होतो. कोणा काकांनीं किंवा आजोबांनीं काढलेला एखादा जलरंग अनेक कुटुंबांत माळ्यावर किंवा ट्रंकेंत पडून असतो. जलरंग उन्हानें विटतो, मुंबईच्या पावसाळ्यांत कागदास बुरशी येते, आणि कांचेला चिकटलेला कागद सोडवितांना रंग निघून येतो. म्हणून चित्र ओल्या भिंतीवर टांगूं नये. ऊन थेट पडेल अशा जागीं ठेवूं नये. कांच व कागद यांमध्यें जाड पुठ्ठ्याची चौकट घालून अंतर राखावें. चित्रकाराचें नांव, स्थळ व साल वडील माणसांस विचारून वेगळ्या कागदावर लिहून चित्रासोबत ठेवावें. घरांतील वृद्धांस तीं नांवें आठवत आहेत, तोंवरच हें काम उरकून घेणें बरें.