वास्तू दाखविणारा आवाज

सहलीत एखादा जुना वाडा पाहताना तुम्हाला हा अनुभव आला असेल. वाटाड्या पुढे, त्याच्याभोवती घोळका आणि तुम्ही सर्वांत मागे! त्याचे बोलणे ऐकू येईपर्यंत घोळका पुढच्या दालनात गेलेला असतो. प्रत्येक पाहुण्याला स्वतंत्र वाटाड्या मिळाला तर? एवढी माणसे आणायची कोठून? पण विज्ञानाने यावर एक तोड काढली.

१९५२ साली हॉलंडमधील ॲम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात एक प्रयोग झाला. दालनाभोवती तारेचे वेटोळे फिरविले होते. टेपरेकॉर्डरवरील माहिती त्या तारेतून प्रक्षेपित होई आणि पाहुण्याजवळच्या लहानशा रेडिओसंचातून त्याच्या कानात उतरे. पण टेपरेकॉर्डर एकच! सर्वांना एकाच क्षणी तेच वाक्य ऐकू येई. साहजिकच सारे एकदमच एका चित्राकडून दुसऱ्याकडे वळत. घोळका काही सुटला नाही.

मग टेपरेकॉर्डरच पाहुण्याच्या खांद्याला अडकविला तर? अमेरिकेत हडसन नदीकाठी हाइड पार्क येथे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रुझवेल्ट यांचे घर आहे. १९४५ साली ते वारले आणि पुढच्याच वर्षी हे घर लोकांसाठी खुले झाले. या घराची माहिती त्यांच्या पत्नी एलिनॉर यांनी स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केली. जिने या घरात संसार केला, तीच आता पाहुण्याच्या कानाशी बोलू लागली!

फितीत आवाज राहतो तरी कसा? प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर आयर्न ऑक्साइडची पूड बसविलेली असते. बोलताना मायक्रोफोनमधून कमीजास्त होणारा विद्युतप्रवाह निघतो. तो एका चिमुकल्या विद्युतचुंबकातून जातो आणि पुढून सरकणाऱ्या फितीवर चुंबकत्वाचा ठसा उमटतो. नेहमीच्या कॅसेटमधील फीत सेकंदाला सुमारे ४.७६ सेंटिमीटर सरकते. सेकंदाला १००० कंपने असलेला स्वर घेतला, तर एका कंपनाच्या वाट्याला मिलिमीटरचा जेमतेम विसावा भाग येतो!

ऐकताना क्रिया उलटी होते. सरकत्या फितीचे बदलते चुंबकक्षेत्र वेटोळ्यात प्रवाह निर्माण करते. हेच फॅरडेने १८३१ साली शोधलेले प्रवर्तन. आता सांगा, फीत थांबविली तर? चुंबकत्व जागच्या जागी असते, पण बदल थांबतो. म्हणून आवाजही थांबतो. हे थांबविण्याचे बटन आता तुमच्या हाती आले. घोळका सुटला तो येथे.

समजा, तुम्ही त्या घरात आहात. एका लहानशा लिफ्टपाशी बटन दाबून थांबा आणि नीट पाहा. १९२१ साली, वयाच्या ३९ व्या वर्षी रुझवेल्ट यांना पोलिओ झाल्याचे निदान झाले आणि त्यांचे पाय निकामी झाले. स्वयंपाकघरातल्या खुर्चीसारख्या साध्या खुर्चीला चाके लावून ते घरात वावरत. सामानाच्या पेट्या वर नेण्यासाठी असलेल्या या लिफ्टमध्ये बसून ते कप्पीवरचा दोर स्वतःच्या हातांनी ओढत आणि मजला चढत. विजेची मोटर नाही. दंडांतील बळ तेवढे कामी येई. आवाज तुम्हाला येथवर आणील. पण दोराकडे पाहून त्या माणसाच्या जिद्दीचा अंदाज तुम्हालाच करायचा आहे.

फितीची एक अडचण होती. तिसऱ्या खोलीतून एकदम नवव्या खोलीत जायचे तर मधली फीत गुंडाळावी लागे. पुढे आवाज अंकांच्या रूपात साठवता येऊ लागला. खोलीचा क्रमांक दाबला की तेथलीच माहिती ऐकू येते. आता तर मोबाइल फोनवरही हे काम होते.

सुट्टीत एक प्रयोग करा. आजीला घरातून फिरवा आणि प्रत्येक खोलीची हकीकत तिच्याच आवाजात मोबाइलवर मुद्रित करा. एक खबरदारी घ्या. नुसते “डावीकडे पाहा” म्हणून भागत नाही; कुणाची डावी बाजू? “दारात उभे राहून खिडकीकडे तोंड करा” असे आधी सांगा. मग मित्राला एकट्यालाच ते ऐकत फिरू द्या. तो चुकला, तर सूचना सुधारा.

एलिनॉर १९६२ साली वारल्या. घर दाखविणारा त्यांचा आवाज मात्र मागे राहिला. तुमच्या आजीचाही राहू द्या.