ओळख-चोरी व ग्राहकांची फसवणूक : स्वरूप आणि प्रतिबंध
(विशेष संदर्भ : भंडारा जिल्हा)

प्रस्तावना :
गावात माणसाची ओळख चेहऱ्यावरून पटते; बँकेत व शासकीय कार्यालयात ती कागदावरून आणि अंकांवरून पटते. आधार, पॅन, खाते वा भ्रमणध्वनी क्रमांक वापरून दुसऱ्याच्या नावाने व्यवहार करणे म्हणजे ओळख-चोरी होय. चोरीस गेलेली वस्तू मालकाला जाणवते. ओळख मात्र मालकाजवळ राहूनही चोरली जाते. त्यामुळे ही चोरी उशिरा उघडकीस येते.

स्थानिक संदर्भ :
भंडारा हा धानउत्पादक जिल्हा आहे. आधारभूत खरेदी केंद्रावरील नोंदणीसाठी शेतकऱ्याला सातबारा, आधार व बँक पासबुकाच्या प्रती द्याव्या लागतात. चुकारे थेट खात्यात जमा होत असल्याने मध्यस्थाचा हात कमी झाला, ही जमेची बाजू आहे. तथापि वर्षभराच्या श्रमाचे मोल एकाच खात्यात येते आणि त्या खात्याचा तपशील झेरॉक्सच्या प्रतींतून अनेकांच्या हाती जातो. आधार-संलग्न पद्धतीत बँकेचे नाव, आधार क्रमांक व बोटाचा ठसा एवढ्यावर रक्कम काढता येते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

फसवणुकीचे मूळ :
२००५ मध्ये पुण्यात उघडकीस आलेल्या कॉल सेंटर प्रकरणात कर्मचाऱ्यांनी अमेरिकन बँक ग्राहकांचा विश्वास संपादन करून त्यांचे गुप्त क्रमांक मिळविले व सुमारे साडेतीन लाख डॉलर वळते केले. तेथे यंत्रणा फोडावी लागली नाही. विश्वास पुरेसा ठरला. आजही बनावट बँक अधिकारी किंवा ‘डिजिटल अटक’ सांगणारा तोतया पोलीस हेच करतो. अशा अटकेची तरतूद भारतीय कायद्यात नाही.

कायदेशीर संरक्षण :
माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये २००८ च्या दुरुस्तीने कलम ६६ क (ओळख-चोरी) व ६६ ड (तोतयेगिरी) यांचा समावेश झाला. दोन्हींसाठी ३ वर्षांपर्यंत कारावास व १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहक व बँक दोघांचाही दोष नसताना ३ कामकाजी दिवसांत कळविल्यास ग्राहकाचे दायित्व शून्य ठरविले. मात्र ग्राहकाने स्वतः ओटीपी सांगितल्यास तक्रारीपूर्वीची हानी त्याच्यावरच टाकली. सेवेतील त्रुटीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदाराला आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते.

प्रतिबंधात्मक उपाय :
१) आधारच्या प्रतीवर दिनांक व प्रयोजन लिहावे, शक्य तेथे शेवटचे ४ अंकच दिसणारी प्रत द्यावी.
२) बोटाच्या ठशांची नोंद ‘लॉक’ करून ठेवावी.
३) यूपीआय पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी नाही, हे ध्यानात ठेवावे.
४) फसवणूक होताच १९३० या क्रमांकावर व बँकेला त्वरित कळवावे. रक्कम पुढील खात्यांत जाण्यापूर्वीच ती गोठविणे शक्य असते.

महाविद्यालयाची भूमिका :
फसवणुकीची रक्कम फिरविण्यासाठी इतरांची खाती लागतात. किरकोळ मोबदल्यात एटीएम कार्ड व सिम दुसऱ्याच्या हवाली करणारा विद्यार्थी स्वतः चौकशीच्या फेऱ्यात सापडतो व त्याचे खाते गोठविले जाते. प्रवेशाच्या वेळी, तसेच राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून हे स्पष्टपणे सांगितले जावे. महाविद्यालयात जमा होणाऱ्या आधार व पासबुकाच्या प्रती कुलपात ठेवणे, हेही त्याच जबाबदारीचे अंग आहे.

निष्कर्ष :
कायदा हानीनंतर धावून येतो, सावधगिरी हानीपूर्वी. घरातील अर्ज विद्यार्थीच भरत असल्याने त्याला मिळालेले हे ज्ञान धानउत्पादक कुटुंबापर्यंत पोहोचण्याचा मार्ग सर्वांत जवळचा आहे.