रॅस माशाची निवड: गैरसमज आणि वस्तुस्थिती

रॅस हे लॅब्रिडी या सागरी मत्स्यकुलातील माशांचे प्रचलित नाव असून या कुलात पाचशेहून अधिक जाती गणल्या जातात. त्यांतील काही जाती बोटाएवढ्याही होत नाहीत, तर लक्षद्वीप आणि अंदमानच्या प्रवाळक्षेत्रात आढळणारा हंपहेड रॅस दोन मीटरपर्यंत वाढतो. त्यामुळे ‘एखादा रंगीत रॅस द्या’ एवढ्यावर खरेदी आटोपली, तर मासा किती वाढेल, काय खाईल, इतरांशी कसा वागेल आणि कुठे झोपेल यांपैकी कशाचाच उलगडा होत नाही. बीड जिल्हा समुद्रापासून सुमारे तीनशे किलोमीटर आत, पर्जन्यछायेच्या पट्ट्यात आहे. तेथील हौशी पालकाकडे मासा मुंबई-पुण्याहून लांबचा प्रवास करून येतो आणि चुकीची निवड परत करण्याचा मार्ग सहसा उरत नाही. म्हणून गैरसमज खरेदीपूर्वीच दूर होणे आवश्यक ठरते.

पहिला गैरसमज असा, की दुकानात लहान आणि देखणा दिसणारा मासा पुढेही तसाच राहतो. कोरिस गायमार्ड या रॅसचे पिल्लू नारिंगी-तांबडे असून त्याच्या पाठीवर काळ्या किनारीचे पांढरे ठसे असतात, आणि याच रूपासाठी ते विकत घेतले जाते. प्रौढावस्थेत हा रंग पूर्णपणे बदलतो, शरीरावर निळे ठिपके आणि शेपटीला पिवळा रंग येतो, लांबी सुमारे चाळीस सेंटीमीटर होते आणि मासा अन्नाच्या शोधात दगड उलथू लागतो. त्याचाच सगोत्र कोरिस आयगुला तर एक मीटरच्याही पुढे जातो. चार फुटांच्या घरगुती टाकीत, म्हणजे साधारण अडीचशे लिटर पाण्यात, या दोघांनाही जागा नाही. अशा टाकीसाठी सिऱ्हिलॅब्रस प्रजातीतील फेअरी रॅस आणि पॅराकेइलिनस प्रजातीतील फ्लॅशर रॅस यांचा विचार आधी करावा, कारण त्यांतील बहुतेक जाती दहा-बारा सेंटीमीटरच्या आसपास थांबतात, पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी खातात आणि टाकीतील प्रवाळांना किंवा कोळंबीला सहसा इजा करत नाहीत. मात्र लहान आकार म्हणजे सौम्य स्वभाव, असेही समीकरण मांडता येत नाही. सहा आडव्या रेषांचा सिक्सलाइन रॅस बोटाएवढाच असतो, तरी टाकीत स्थिरावल्यानंतर नव्याने आलेल्या माशांना तो सतत पिटाळतो.

रंगाविषयीचा दुसरा गैरसमज अधिक खोलवरचा आहे. भडक आणि फिकट मासे वेगळ्या जातींचे आहेत असे समजून, किंवा फिकट मासा कमअस्सल मानून, फक्त भडक मासे निवडले जातात. वास्तविक रॅसच्या बहुसंख्य जातींत मासा प्रथम मादी असतो आणि पुढे त्याचे नरात रूपांतर होऊ शकते. या क्रमाला मादीपूर्व उभयलिंगता म्हणतात. डी. रॉस रॉबर्टसन यांनी १९७२ मध्ये क्लीनर रॅसवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांत असे दिसले, की समूहातील एकमेव नर नाहीसा झाल्यावर सर्वांत वरचढ मादी काही तासांतच नरासारखी वागू लागते आणि काही आठवड्यांत प्रत्यक्ष नर बनते. फेअरी आणि फ्लॅशर रॅसचा झगमगीत रंग हा मुख्यतः नराचा असतो आणि तो माद्यांपुढे व प्रतिस्पर्ध्यांपुढे मिरवण्यासाठी असतो. एकट्या ठेवलेल्या नराचा रंग म्हणूनच हळूहळू उतरत गेल्याचा अनुभव पालकांना येतो, तर एकाच जातीचे दोन नर अडीचशे लिटरच्या टाकीत ठेवल्यास दुबळ्याला लपण्यापुरतीही जागा मिळत नाही. एक नर आणि त्याच जातीच्या दोन-तीन फिकट माद्या, ही निवड दुकानात कमी आकर्षक वाटली तरी घरी अधिक रंग दाखवते.

क्लीनर रॅसला टाकीचा वैद्य मानण्याची समजूत फार रूढ आहे आणि ती माशाच्या जिवावर बेतते. निळ्या-काळ्या पट्ट्यांचा हा मासा प्रवाळक्षेत्रात ठरावीक जागी थांबतो आणि तेथे येणाऱ्या मोठ्या माशांच्या अंगावरील परजीवी टिपतो. ऑस्ट्रेलियातील लिझार्ड बेटाजवळच्या अभ्यासात एक क्लीनर रॅस दिवसाला सरासरी सुमारे १,२०० परजीवी खातो असे आढळले. घरातील टाकीत एवढे अन्न असणे शक्यच नाही, आणि ते असले तर इतर मासे जगणार नाहीत. शिवाय सागरी माशांना होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग क्रिप्टोकॅरिऑन या एकपेशीय परजीवीमुळे होतो. तो त्वचेच्या थराखाली शिरत असल्याने क्लीनर रॅस त्यावर इलाज ठरत नाही. नवीन मासा काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवणे हाच त्यावरचा खरा प्रतिबंध आहे. भुकेने खंगणाऱ्या या माशाला विकत न घेणेच योग्य.

बीडच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न उन्हाळ्याचा आहे. एप्रिल-मे महिन्यांत जिल्ह्याचे कमाल तापमान चाळीस अंशांपलीकडे जाते, तर रॅससाठी पाणी पंचवीस ते सत्तावीस अंशांच्या दरम्यान राहिलेले चांगले. पाणी जितके तापते तितका त्यात विरघळणारा प्राणवायू घटतो. टाकीचे झाकण काढून वर पंखा लावला की पाणी गार राहते, असे मानले जाते, आणि मराठवाड्याच्या कोरड्या हवेत बाष्पीभवनाने पाण्याची उष्णता खरोखरच कमी होते. परंतु रॅस हा उडी मारणारा मासा आहे. रात्री दचकल्यावर किंवा दुसऱ्याने पिटाळल्यावर तो उघड्या टाकीतून सरळ फरशीवर पडतो. काचेचे झाकण उष्णता कोंडते, उघडी टाकी मासा गमावते. म्हणून टाकीच्या चौकटीवर बारीक छिद्रांची ताणलेली जाळी बसवणे हाच दोन्ही अडचणींवरचा उपाय आहे. ऐन उन्हाळ्यात पंखाही पुरत नाही आणि पावसाळ्याच्या दमट हवेत त्याचा परिणाम घटतो, त्यामुळे शीतक यंत्राचा किंवा वातानुकूलित खोलीचा खर्च आधीच हिशेबात धरावा. वीज गेल्यावर चालणारा, बॅटरीवरील हवेचा पंपही जवळ असावा.

उडून गेलेल्या पाण्याच्या जागी पुन्हा खारे पाणी घालणे ही नेहमीची चूक आहे. बाष्पीभवनात फक्त पाणी जाते, क्षार टाकीतच राहतात, म्हणून भर गोड्या शुद्ध पाण्याचीच घालावी लागते. बेसॉल्ट खडकातील बोअरचे पाणी बहुधा जड असते आणि त्यात नायट्रेटही असू शकते, त्यामुळे आरओ यंत्राचे पाणी वापरणे इष्ट. मात्र या यंत्रातून बरेच पाणी बाहेर टाकले जाते, आणि टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यात ते धुण्या-पुसण्यासाठी साठवणे ही पालकाची जबाबदारीच आहे. स्वयंपाकाच्या मिठाने समुद्राचे पाणी तयार होत नाही. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात आणि सोडियम क्लोराइडखेरीज त्यांत सुमारे १,३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम, ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि जवळपास तेवढेच पोटॅशियम असते. हे प्रमाण मत्स्यालयासाठी बनवलेल्या क्षारमिश्रणातूनच साधते.

हॅलिकोरिस प्रजातीतील पिवळा कॅनरी रॅस आणि मेलॅन्युरस रॅस रात्री वाळूत शिरून झोपतात, आणि नव्या टाकीत आल्यावर काही दिवस वर येतही नाहीत. मासा मेला अशा समजुतीने वाळू उकरणे त्याला घातक ठरते. गोदावरी किंवा सिंदफणेच्या पात्रातील वाळू धुऊन वापरावी, असा सल्ला दिला जातो, पण ती अणकुचीदार असल्यास माशाची त्वचा खरवडते. अशा रॅससाठी अ‍ॅरॅगोनाइटची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या गोलसर कणांची बारीक वाळू घ्यावी आणि तिचा थर किमान पाच सेंटीमीटर ठेवावा. फेअरी रॅस वाळूत जात नाहीत. त्यांतील अनेक जाती दगडांच्या फटीत स्वतःभोवती श्लेष्माचे पारदर्शक आवरण तयार करून झोपतात. ते रोगाचे लक्षण नव्हे.

रॅससाठी खरे प्रवाळ हवेच, हीही समजूत निराधार आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधील २००१ च्या बदलानुसार दगडी प्रवाळांना पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, त्यामुळे भारतीय समुद्रातून काढलेला प्रवाळाचा तुकडा टाकीत ठेवणे गुन्हा ठरते. भाजक्या मातीचे किंवा सिमेंटचे कृत्रिम दगड लपण्यासाठी पुरेसे होतात.

बाजारात येणारे जवळजवळ सर्व रॅस समुद्रातून पकडलेले असतात. क्लाउनफिशसारखे त्यांचे प्रजनन व्यापारी पातळीवर रुळलेले नाही. लक्षद्वीपच्या दक्षिणेस असलेल्या मालदीवमधील गुलाबी रंगाच्या एका फेअरी रॅसला सिऱ्हिलॅब्रस फिनिफेनमा हे शास्त्रीय नाव २०२२ मध्ये मिळाले, पण त्यापूर्वीच तो मत्स्यालयांच्या व्यापारात विकला जात होता. म्हणून विक्रेत्याकडे माशाचे शास्त्रीय नाव आणि तो कोणत्या समुद्रातून आला याची चौकशी करावी, तो दुकानात किती दिवस आहे हे विचारावे, आणि आपल्यासमोर गोठवलेले खाद्य खाऊन दाखवणारा, पोट न खपाटलेला मासाच प्रवासासाठी निवडावा.