खासगी : होळकरणींची स्वतंत्र तिजोरी

काशी विश्वनाथाचं आजचं मंदिर 1780चं. सोमनाथचं देऊळ 1783चं, गयेचं विष्णुपद 1787चं. या तिन्ही ठिकाणी अहिल्याबाई होळकरांचं राज्य नव्हतं. काशी तेव्हा कंपनी सरकारच्या छायेखाली होती, गया थेट त्यांच्या अमलात होती, आणि सौराष्ट्र माळव्यापासून कोसो दूर. परमुलखात एवढं बांधकाम उभं करायला पैसा कुठून आला, हा प्रश्न इंदुरात सहसा कुणी विचारत नाही. देवी म्हटलं की हिशेब मागे पडतो. मला मात्र त्यांचं मोठेपण कळू लागलं ते या हिशेबाच्या वाटेनेच. त्या पैशाला होळकरांच्या घरात एक नाव होतं : खासगी.

होळकरांच्या कारभारात दोन खाती होती, दौलत आणि खासगी. दौलत म्हणजे सरंजामाचा मुलूख. त्याच्या उत्पन्नावर फौज ठेवायची, पेशव्यांच्या हुकमाने स्वारीला जायचं. सरंजाम चाकरीपोटी मिळालेला, त्यामुळे चाकरी थांबली तर तोही जाण्याची भीती. अहिल्याबाईंचे सासरे मल्हारराव हे ओळखून होते. घोड्यावर आयुष्य काढणाऱ्या माणसाच्या बायकामुलांना हक्काचं काही असावं, म्हणून 1734 साली पेशवे बाजीरावांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना वंशपरंपरेची वेगळी जहागीर दिली. महेश्वर आणि इंदुराजवळची काही गावं त्यात होती. तिचं वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या घरात, आणि त्यावर फौजेचा बोजा नाही. अठराव्या शतकात एका धनगर सरदाराच्या बायकोच्या नावे एवढी मोठी स्वतंत्र मिळकत असावी, याचं मला आजही नवल वाटतं.

1761मध्ये गौतमाबाई गेल्या आणि खासगी सुनेकडे आली. चौंडीच्या माणकोजी शिंद्यांची ही लेक तेव्हा छत्तीस वर्षांची होती. कुंभेरीच्या वेढ्यात नवरा खंडेराव पडून सात वर्षं झाली होती. सासऱ्यांनी तिला सती जाऊ दिलं नाही आणि पुढे कामाला जुंपलं. 1765मधल्या पत्रांत ते तिला तोफखान्याच्या आणि दारूगोळ्याच्या तजविजीबद्दल लिहितात. पुढच्या दोन वर्षांत सासरे गेले, मुलगा मालेरावही गेला. 1767च्या अखेरीस राज्याचा कारभार अहिल्याबाईंच्या हाती आला, फौज तुकोजी होळकरांकडे राहिली, आणि दरबार नर्मदाकाठी महेश्वरला भरू लागला.

आता दोन्ही खाती एकाच बाईच्या शब्दावर चालणार होती. त्यांनी ती एकमेकांत मिसळू दिली नाहीत, आणि माझ्या मते त्यांच्या कारभारातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. मोहिमेवरच्या तुकोजींना पैशाची चणचण कायम असे. बाईंकडे तिजोरी भरलेली आणि फौजेचा पगार मात्र थकलेला, या कुरबुरी महेश्वरच्या बातमीपत्रांत डोकावतात. शिपायाच्या बाजूने पाहिलं तर ती तक्रार खोटी नव्हती. पण बाईंच्या लेखी खासगीचा पैसा धर्मादायाचा होता. पेशवे घराण्यातल्या राघोबादादांनी धन मागितलं तेव्हा त्यांनी कळवलं, की या द्रव्यावर आम्ही तुळशीपत्र ठेवलं आहे. ब्राह्मण म्हणून दान हवं असेल तर संकल्प सोडून देऊ. ही हकीकत होळकरांच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात.

बाईंच्या मृत्यूनंतर पंचवीसेक वर्षांनी सर जॉन माल्कम माळव्यात अधिकारी होता. बाईंना पाहिलेली माणसं तेव्हा हयात होती. त्यांच्याकडून ऐकून त्याने 1823मध्ये जे छापलं, ते देवळांच्या यादीपेक्षा मला जास्त हलवून जातं. उन्हाळ्यात रस्त्यांवर वाटसरूंना पाणी पाजायला माणसं नेमलेली. थंडीच्या तोंडावर गोरगरिबांना कपडे. महेश्वरच्या शिवारात औताला जुंपलेल्या बैलांना मध्येच थांबवून पाणी पाजायचं. पिकावरून हाकलल्या जाणाऱ्या पाखरांसाठी उभी शेतं विकत घेऊन ठेवलेली. यातलं प्रत्येक काम म्हणजे कायमची नेमणूक आणि दरवर्षीचा खर्च. देऊळ एकदा बांधलं की नाव होतं; त्याचा नंदादीप, पुजारी, अन्नछत्र, गंगेच्या पाण्याच्या कावडी हे सगळं चालू ठेवायला वर्षानुवर्षं रक्कम पोचावी लागते. खासगीच्या कारकुनांचं खरं काम ते होतं.

आणखी एक गोष्ट माल्कमच टिपतो. खरगोणचे दोन सावकार भाऊ निपुत्रिक वारले. त्यांच्या विधवांनी सारं धन बाईंपुढे ठेवलं. ते सरकारजमा करायला कुणी हरकत घेतली नसती. बाईंनी ते घेतलं नाही. तुमचं धन तुम्हीच लोकोपयोगी कामाला लावा, असं सांगून परत पाठवलं. स्वतःच्या नावावरच्या मिळकतीने बाईला काय बळ येतं, हे त्यांनी गौतमाबाईंच्या वारशातून अनुभवलं होतं.

13 ऑगस्ट 1795ला, श्रावण वद्य चतुर्दशीला, त्या गेल्या. खासगी होळकर राण्यांकडे चालत राहिली. 1948मध्ये इंदूर संस्थान मध्यभारतात विलीन झालं, तेव्हा खासगीच्या जमिनी सरकारकडे गेल्या आणि बदल्यात धर्मादायासाठी कायमची रक्कम ठरली : वर्षाला 2,91,952 रुपये. आकडा जुन्या जहागिरीच्या उत्पन्नाजवळचाच. पण जहागिरीचं उत्पन्न धान्याच्या भावाबरोबर वाढलं असतं. हा आकडा तिथेच गोठला. 1962मध्ये खासगी देवी अहिल्याबाई होळकर चॅरिटीज ट्रस्ट स्थापन झाला. यशवंतराव होळकरांच्या कन्या उषाराजे त्याच्या अध्यक्षा झाल्या, आणि विश्वस्तांत सरकारचे प्रतिनिधीही आले. मंदिरं, घाट, धर्मशाळा, छत्र्या, बागा, कुंडं अशा 246 मालमत्ता देशभर पसरलेल्या, आणि दिमतीला सरकारकडून तेवढीच ठरावीक रक्कम.

हरिद्वारच्या कुशावर्त घाटाच्या व्यवहारावरून पुढे वाद पेटला. 2020मध्ये उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने निकाल दिला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जुलै 2022च्या निकालाने हा ट्रस्ट सार्वजनिक ठरला आणि मध्य प्रदेशच्या सार्वजनिक न्यासांच्या कायद्याखाली त्याची नोंदणी बंधनकारक झाली. मला हा निकाल बाईंच्या रीतीला धरून वाटतो. राज्य आणि धर्मादाय यांचा हिशेब त्यांनीच वेगळा ठेवला होता, आणि धर्मादायाच्या पैशावर राज्यकर्त्या म्हणूनही हात टाकला नव्हता.

2025मध्ये त्रिशताब्दीनिमित्त मध्य प्रदेशच्या मंत्रिमंडळाची बैठक इंदूरच्या राजवाड्यात भरली. महेश्वरच्या वाड्यात मातीच्या शिवलिंगांचं अर्चन बाईंच्या काळापासून आजही चालू आहे. इंदुरात दरवर्षी पुण्यतिथीला पालखी निघते. या गौरवासोबत राजवाड्यातलं एक दालन खासगीला द्यावं, असं मला मनापासून वाटतं : गौतमाबाईंच्या सनदेची प्रत, 246 ठिकाणांचा नकाशा, आणि प्रत्येक घाटाच्या, प्रत्येक धर्मशाळेच्या डागडुजीवर त्या वर्षी किती खर्च झाला त्याचा जमाखर्च, येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता येईल असा भिंतीवर लावलेला.