मालमोटारीची पुढील जाळी व तिच्यामागील इंटरकूलर

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या टापूंत भात, भाजीपाला व पेंढा वाहण्यासाठीं स्वतःची अगर भावाभावांत सामाईक अशी लहान मालमोटार बाळगणारे शेतकरी हल्लीं पुष्कळ झाले आहेत. गाडी चार-पांच वर्षांची झाली म्हणजे तिच्या तोंडावरील मूळची प्लॅस्टिकची जाळी कोठें तरी फुटतेच. कधीं बांधाकडेला वळवितांना ती झाडाच्या खुंटास लागते, कधीं गुरांचा धक्का बसतो. मग मालक ती गाडी कल्याण-बदलापूर रस्त्याच्या कडेच्या एखाद्या गॅरेजांत नेतो आणि आडव्या लोखंडी पट्ट्यांची ऐटदार जाळी बसवून घेतो. ती बसल्यावर ध्यानांत येतें कीं, मूळच्या दाट पट्ट्यांआड दडलेलें नळ्यांचें व पत्र्याच्या बारीक घड्यांचें एक पांढरें चकचकीत यंत्र आतां उघडें पडलें आहे. गाडीनें दांत विचकल्यासारखें तें दिसतें म्हणून मालकास खटकतें, व "हें जरा झांकून टाक" असें तो मिस्त्रीस सांगतो. हें झांकणें कसें करावें व कसें करूं नये याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. कारण या कामांत दिसण्याचा खर्च थोडा आणि चुकल्यास एंजिनाचा खर्च फार, असा व्यवहार आहे.

तें चकचकीत यंत्र म्हणजे इंटरकूलर. रेडिएटर बहुतेकांस ठाऊक असतो. इंटरकूलर बहुधा त्याच्याच पुढें उभा असतो, परंतु त्यांतून पाणी खेळत नाहीं, हवा खेळते. डिझेल एंजिनास जितकी अधिक हवा मिळेल तितकें अधिक डिझेल तें नीट जाळूं शकतें. म्हणून धुराच्या नळींतून बाहेर पडणाऱ्या वायूच्याच जोरावर एक चक्र फिरवून त्याच्या योगानें बाहेरची हवा दाबून एंजिनांत भरतात. या योजनेस टर्बो म्हणतात. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस एंजिनियरानें या युक्तीचें पेटंट १९०५ सालीं घेतलें. आपल्याकडे धुराचे नियम जसजसे कडक होत गेले तसतशी ती मालमोटारींत पसरली. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बी. एस. सहा नियमांच्या पिकअप व त्याहून मोठ्या डिझेल गाड्यांत टर्बो व इंटरकूलर हीं दोन्ही बहुधा आढळतात.

हवा दाबली म्हणजे ती तापते. सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें बूड हातास कढत लागतें, हें आमच्या प्रत्येक वाचकाच्या अनुभवाचें आहे. बाहेरची हवा ३५ अंश असतां टर्बोनें ती दुप्पट दाबाखालीं आणली, तर ती सुमारें १३० अंशांपर्यंत तापते. तापलेली हवा विरळ होते, म्हणजे पोतें भरलेलें दिसावें पण आंत दाण्यांपेक्षां पोचटच अधिक निघावें, तशांतला हा प्रकार. हीच हवा इंटरकूलरच्या नळ्यांतून फिरवून ६० अंशांवर आणली, तर तेवढ्याच जागेंत जवळजवळ एक पंचमांश अधिक हवा मावते. माळशेज घाट चढतांना भरलेल्या गाडीस जो जोर लागतो त्यांतील मोठा वांटा या एक पंचमांशाचा असतो. आणि हें सर्व काम होतें तें केवळ गाडीच्या तोंडावर आदळणाऱ्या वाऱ्यानें. तो वारा घड्यांमधून आरपार गेला पाहिजे, तरच नळ्यांतील हवा निवते.

आतां गॅरेजांत होतें काय, तें पाहूं. आमच्या पाहण्यांत आलेल्या एका गाडीस जाळीच्या मागें काळा पत्रा ठोकून दिला होता. दिसण्यांत गाडी नव्यासारखी झाली. परंतु पुढच्याच खेपेस चढावर ती दुसऱ्या गियरांत कुंथूं लागली, मागें काळा धूर सोडूं लागली, आणि पाण्याचा कांटाही वर चढला. मालकानें डिझेलास दोष दिला, मग पंपास दिला. दोष पत्र्याचा होता. पाण्याचा कांटा कां चढावा, असें कोणी विचारील. तर इंटरकूलरमधून जो वारा पार होतो तोच पुढें रेडिएटरला मिळतो. एकाचें तोंड बांधलें कीं दुसऱ्याचाही श्वास कोंडतो. कांहीं ठिकाणीं पत्र्याऐवजीं रेक्झिन लावितात, कांहीं ठिकाणीं मच्छरांची जाळी ताणून बसवितात. मच्छरांची जाळी वाईट दिसत नाहीं, पण भाताच्या मळणीच्या दिवसांत तूस व कुसळें तिच्यांत अडकून आठ दिवसांत तिचा पत्राच बनतो.

जाळी कशी घ्यावी याचा हिशेब सोपा आहे, व मिस्त्रीच्या सुताच्या मापानेंच तो करतां येतो. छिद्र चार सुती व तार अर्ध्या सुताची असेल, तर चारास साडेचारांनीं भागून आलेल्या संख्येचा वर्ग करावा. उत्तर शेकडा ७९ येतें. म्हणजे शंभर भागांपैकीं ७९ भाग वाऱ्यास मोकळे राहिले. छिद्र एक सुती व तार पाव सुताची घेतली तर मोकळा भाग शेकडा ६४ वर उतरतो, आणि एवढ्याशा छिद्रांत कचराही लौकर बसतो. म्हणून चार सुतीच घ्यावी. ती काळी असली म्हणजे तिच्यामागील वस्तु चार पावलांवरून फारशी दिसत नाहीं, शिवाय उडालेला खडा थेट इंटरकूलरवर बसत नाहीं. ही जाळी यंत्रास चिकटवूं नये, दोन बोटें अंतर राखून चौकटीस स्क्रूनें बसवावी, म्हणजे धुण्याच्या वेळीं काढतां येईल. इंटरकूलरच्या अंगास भोंक पाडून जाळी अडकविण्याचा उद्योग कोणी करूं लागल्यास त्यास तेथेंच थांबवावें. एका भोंकानें दाबलेली हवा निसटते व टर्बोचें सर्व काम फुकट जातें.

खरें झांकण रंगाचें. रेडिएटर काळा असतो म्हणून तो कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं. तीच युक्ति येथें चालते. गाडी पुरती थंड असतां इंटरकूलर साध्या साबणाच्या पाण्यानें धुवावा. तो ॲल्युमिनियमचा असतो, म्हणून कॉस्टिक सोडा मुळींच वापरूं नये. तो ॲल्युमिनियम खातो. वाळल्यावर उष्णता सोसणारा, चमक नसलेला काळा रंग फवाऱ्यानें तिरपा मारावा, दोन विरळ हात पुरेत. तिरपा अशासाठीं कीं, रंग घड्यांच्या कडांवर बसावा, आंत खोल जाऊं नये. ब्रशानें ऑइलपेंट थापला तर घड्या बुजतात आणि जाड रंगाचा थर गोधडीसारखा उष्णता धरून ठेवतो. ज्यांस एवढाही रंग नको, त्यांनीं दोन्ही बाजूंच्या पेट्या व चौकट तेवढी काळी करावी. चकाकी अर्धी अधिक तेथेंच असते.

सरकारी बाजूही पाहिली पाहिजे. महसुलाच्या दप्तरांत आयुष्य गेल्यामुळें उतारा पाहिल्याशिवाय बोलूं नये अशी आम्हांस संवयच आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ अन्वयें गाडीच्या मूळ नोंदींत भेद पडेल असा फेरफार करण्यास मनाई आहे. मूळच्यासारखी जाळी बसविणें ही दुरुस्ती होय. परंतु तिच्या पुढें जाड नळ्यांचें लोखंडी कुंपण लावणें ही वेगळी गोष्ट. तसलीं कुंपणें काढविण्याविषयीं केंद्र सरकारनें डिसेंबर २०१७ मध्यें राज्यांस लिहिलें आहे. नवी जाळी दिवे व नंबराची पाटी झांकीत नाहीं ना, हें तर पाहावेंच. आणि शंका वाटल्यास कल्याणच्या परिवहन कार्यालयांत आधीं विचारावें.

राहिली निगा. पावसाळ्यांत उल्हास नदीचें पाणी रस्त्यावर येतें. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरांत अडकून पडली, तो पूर आपल्याकडील लोक विसरलेले नाहींत. अशा पाण्यांतून गेलेल्या गाडीच्या घड्यांत गाळ बसतो व वाळल्यावर विटेसारखा घट्ट होतो, म्हणून तो ओला असतांनाच धुवावा. पाणी एंजिनाच्या बाजूनें बाहेरच्या दिशेस सोडावें, म्हणजे कचरा आला त्या वाटेनें निघतो. पुढून जोराचा फवारा मारल्यास तो आंत ठासला जातो व घड्याही वांकतात. वांकलेल्या घड्या लाकडी पातळ चिपेनें हळूच सरळ होतात. मळणीच्या महिन्यांत हें काम दर आठवड्यास, एरव्हीं तेल बदलण्याच्या वेळीं करावें, आणि त्याच वेळीं इंटरकूलरच्या दोन्ही टोकांच्या रबरी नळ्यांचे पट्टे आवळून पाहावे.