अ व्हायजनच्या वाटा : एका दुर्गम शिखराचा मार्गविचार

स्कॉटलंडच्या वायव्य हायलंड्समध्ये लॉख मरी हे सरोवर आणि लिटल लॉख ब्रूम ही सागरी खाडी यांच्या दरम्यान विस्तीर्ण निर्जन डोंगराळ प्रदेश पसरलेला आहे. त्यात ९६७ मीटर उंचीचे अ व्हायजन हे शिखर आहे. गेलिक भाषेत या नावाचा अर्थ ‘कुमारी’ असा होतो. स्कॉटलंडमधील ३,००० फुटांहून उंच शिखरांना, १८९१ मध्ये त्यांची यादी प्रसिद्ध करणाऱ्या ह्यू मन्रो यांच्यावरून, ‘मन्रो’ म्हणतात. त्यांपैकी अत्यंत दुर्गम अशी या शिखराची ख्याती आहे. नेहमीच्या वाटांनी त्याची चढण फारशी बिकट नाही. त्याची दुर्गमता अंतराची आणि पाण्याची आहे.

या प्रदेशास ‘फिशरफील्ड फॉरेस्ट’ असे नाव असले, तरी तेथे वृक्ष फारसे आढळत नाहीत. येथे ‘फॉरेस्ट’ म्हणजे हरणांच्या शिकारीसाठी राखलेले रान. शिकाऱ्यांसाठी व शिकार वाहून आणणाऱ्या तट्टांसाठी पाडलेल्या वाटाच आज पदभ्रमण करणाऱ्यांच्या उपयोगी पडतात.

शिखराकडे जाण्याचे तीन मार्ग प्रमुख होत. पश्चिमेचा मार्ग पूल्यू गावाहून कर्नसरीवरून जातो. फ्यून लॉख व डू लॉख या सरोवरांमधील बांध ओलांडून तो कार्नमोरला पोहोचतो आणि तेथून शेजारच्या रुआ स्टाक मोर शिखरालगतच्या खिंडीत चढतो. जाऊन येऊन सुमारे ४० किलोमीटर चाल पडते. मोठी नदी पायउताराने ओलांडावी लागत नाही, हा याचा विशेष.

उत्तरेचा मार्ग कॉरी हॅलीहून शेनावॉल येथील निवाऱ्याकडे उतरतो. पुढे लागोपाठ दोन नद्या लागतात व त्या पाण्यात उतरूनच पार कराव्या लागतात. त्यानंतर ग्लेन ना मुइक या दरीतून चढ सुरू होतो.

तिसरा मार्ग दक्षिणेकडील किनलॉख्यूहून लॉखन फाडा सरोवरापर्यंत जातो. पुढे सौम्य उतार असला, तरी ठळक पायवाट नाही. धुक्यात नकाशा व होकायंत्र यांवरच भिस्त ठेवावी लागते. याही मार्गावरील एका दरीचे नाव ग्लेन ना मुइकच आहे, हे नकाशा वाचताना ध्यानात ठेवावे.

खिंडीत भूरचनेचा भेद स्पष्ट दिसतो. अ व्हायजनचा बहुतांश भाग अतिप्राचीन करड्या पट्टिताश्माचा, तर रुआ स्टाक मोर तांबूस वालुकाश्माचा आहे. ‘रुआ’ म्हणजे तांबडा.

मार्गाची निवड करताना अंतराइतकाच पर्जन्याचा विचार आवश्यक ठरतो. सकाळी घोट्याइतक्या पाण्यातून ओलांडलेली नदी पावसानंतर संध्याकाळी परतीची वाट पूर्णपणे रोखू शकते. अशा वेळी पूर ओसरेपर्यंत थांबणे हाच सुरक्षित उपाय होय. म्हणून एका दिवसाचे अधिक अन्न जवळ असावे. २००३ च्या भूमिसुधारणा कायद्याने स्कॉटलंडमध्ये अशा प्रदेशांत जबाबदारीने संचार करण्याचा हक्क सर्वांस दिला आहे. पुराच्या काठावरून मागे फिरण्याचा निर्णय मात्र ज्याचा त्यानेच घ्यावयाचा असतो.