कोल्हा गावात शिरला, कुत्र्यांशी झोंबला. आता धोका किती? रेबीजचा अंदाज असा घ्या

वर्धा | प्रतिनिधी

भरदिवसा कोल्हा गावात येतो, दोन-तीन कुत्र्यांशी झोंबतो, गोठ्यातल्या कालवडीला चावा घेतो आणि निघून जातो. असं झालं की गावात दोन बाजू पडतात. एक म्हणते, 'पिसाळलेलाच होता, सगळ्यांनी सुया घ्या.' दुसरी म्हणते, 'काही होत नाही, हळद लावा.' घाबरून चालत नाही अन् दुर्लक्ष करूनही चालत नाही. धोका मोजायची रीत सोपी आहे.

रोग येतो कुठून?

रेबीजचा विषाणू बाधित जनावराच्या लाळेत असतो. चाव्यातून तो अंगात शिरतो, नसांवाटे हळूहळू मेंदूकडे जातो आणि मेंदूत पोहोचला की लक्षणं दिसतात. लक्षणं सुरू झाल्यावर माणूस काय अन् बैल काय, जवळपास कोणी वाचत नाही. चाव्यापासून लक्षणापर्यंत बहुतेक वेळा एक ते तीन महिने जातात, कधी आठवडाभर, तर कधी वर्षही. लस याच मधल्या काळात काम करते.

जंगल रोगाचं घर आहे असं आपण समजतो. आपल्या देशात मात्र उलटं आहे. माणसाला होणारा रेबीज बहुतांश कुत्र्यामुळेच होतो. गावाबाहेर मेलेलं ढोर फेकलं की रात्री तिथं गावची कुत्री येतात अन् कोल्हेही येतात. भांडण होतं, चावाचावी होते, रोग इकडून तिकडे जातो. मग तोच कोल्हा दुसऱ्या गावच्या शिवारात उतरतो. सप्टेंबर 2024 मध्ये मुंबईत चेंबूरच्या बाजूला कोल्ह्यांत रेबीज आढळला होता. एवढ्या मोठ्या शहरात हे होते, तर आपल्याकडे जंगल अन् शिवार एकमेकांना लागूनच आहे.

जंगलालाही याचा फटका बसतो. आफ्रिकेतल्या इथिओपियात बेले पर्वतावर गावकुत्र्यांकडून रेबीज गेला आणि आधीच मोजके उरलेले लांडगे कळपाच्या कळप मेले. आपल्या सेलू तालुक्याला लागून बोर व्याघ्र प्रकल्प आहे. तिथं रानकुत्रे कळपानं राहतात. कळपात एकाला लागलं की बाकीच्यांना लागायला वेळ लागत नाही.

तीन प्रश्न विचारा

1. जनावर कोणतं? कुत्रा, मांजर, कोल्हा, लांडगा, तरस, मुंगूस, रानमांजर, वानर, रानडुक्कर यांचा चावा असेल तर धोका धरूनच चाला. उंदीर, घूस, ससा यांच्याकडून रेबीज सहसा होत नाही, तरी डॉक्टरांना विचारा. पक्षी, साप, सरडा यांच्यापासून रेबीज होत नाही.

2. वागणं कसं होतं? रानातलं जनावर माणसाला भीत नाही, दिवसा वस्तीत फिरते, दिसेल त्याला चावते, तोल जातो, लाळ गळते, जबडा लोंबतो. ही वाईट खूण. पण नुसतं दिवसा दिसलं म्हणून ते पिसाळलेलं होत नाही. भुकेनं किंवा पिल्लांसाठीही येते. आणि शांत दिसलं म्हणजे निरोगी, असंही नाही. काही जनावरं पिसाळत नाहीत, कोपऱ्यात सुस्त पडून मरतात.

3. संबंध किती आला? साबूत कातडीला नुसतं चाटलं तर धुवून टाका, लस लागत नाही. रक्त न येता ओरखडा असला तर लस. रक्त निघालं, किंवा जखमेवर, डोळ्यात, तोंडात लाळ गेली तर लस आणि जखमेत सीरमचं इंजेक्शन, दोन्ही. रानातल्या जनावराचा चावा लहान असला तरी याच शेवटच्या गटात धरतात.

कुत्रा-मांजर चावलं तर दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवतात. तो नियम रानातल्या जनावराला लागू नाही. आणि कुत्र्याच्या बाबतीतही लस आधी सुरू करायची, वाट पाहत बसायचं नाही.

गाय-बैलात कसं ओळखाल?

इथं शेतकरी फसतो. रेबीज झालेली गाय खात नाही, गिळता येत नाही, लाळ गळते. आपल्याला वाटते घशात काही अडकलं, अन् आपण हात घालतो. तसं करू नका. भसाड्या आवाजात सारखं हंबरणं, वारंवार कुंथणं, मागचे पाय लुळे पडणं, विनाकारण मारायला धावणं दिसलं की जनावर वेगळं बांधा आणि डॉक्टर बोलवा. फिरत्या पशुवैद्यकीय दवाखान्यासाठी 1962 हा टोल फ्री नंबर आहे.

आर्वी, आष्टी, कारंजा भागात गवळाऊ गुरं जंगलाच्या कडेनं चरतात. तिथं चावा कोणी पाहिलेलाच नसतो. म्हणून संध्याकाळी गुरं आल्यावर तोंड, नाक, पाय पाहायची सवय ठेवा. ताजा चावा दिसला तर हातमोजे घालून साबणपाण्यानं धुवा. जनावरालाही चाव्यानंतर लसीचा कोर्स देता येतो, पण तो लगेच सुरू व्हायला पाहिजे.

संशयित गाई-म्हशीचं दूध वापरू नका, विकू नका. उकळलेलं दूध पिण्यात गेलं असेल तर घाबरायचं कारण नाही, उकळल्यानं विषाणू मरतो. कच्चं दूध, चीक पोटात गेला असेल किंवा लाळेचा हात जखमेला लागला असेल तर डॉक्टरांना सांगा.

माणसाला चावलं तर

जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट, तेल काही लावू नका. टाके घालायची घाई नको. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा, लस मोफत आहे. पोटातल्या चौदा सुया कधीच बंद झाल्या. आता कातडीत द्यायची लस पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असते. दंडात देत असतील तर चौदाव्या दिवशी आणखी एक. दोन घेऊन बरं वाटलं म्हणून सोडू नका. गरोदर बाई, बाळंतीण, लहान लेकरू, सगळ्यांना ही लस चालते. सीरम जवळ नसेल तर पुढं कुठं जायचं ते तिथंच विचारा, अन् उशीर झाला असला तरी जा.

रानातलं जनावर असेल तर वनरक्षकाला किंवा 1926 वर कळवा. पंचनामा झाला तर कोल्हा, लांडगा, रानडुकरासारख्या जनावरांनी केलेल्या जखमेची मदत नियमानुसार मिळू शकते. जनावर मेलं असेल तर हात लावू नका, कुत्र्यांपासून राखा. तपासणीचं काम वनविभाग अन् पशुवैद्यक करतील.

गावानं काय करायचं?

वाटेतला पूल कुत्रा आहे, म्हणून काम तिथंच करायचं. गावातल्या शंभरातल्या किमान सत्तर कुत्र्यांना दरवर्षी लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते. पाळीव कुत्र्याची लस ही मालकाची जबाबदारी. मोकाट कुत्र्यांसाठी ग्रामसभेत ठराव घेऊन पशुसंवर्धन विभागाकडे शिबिराची मागणी करता येते. 28 सप्टेंबरला जागतिक रेबीज दिवस असतो, त्या सुमारास शिबिरं होतात, आधीच चौकशी करा. आणि मेलेलं ढोर नाल्यात फेकू नका, खोल खड्ड्यात पुरा. कुत्रा आणि कोल्हा एका ताटात जेवणार नाहीत, तर रोगही एकमेकांना देणार नाहीत.

जागलीला शेतात जाणाऱ्यांनी हातात बॅटरी-काठी ठेवा, उघड्यावर जमिनीवर झोपू नका. झोपेत काही चाटलं-चावलं असा संशय जरी आला, तरी सकाळी घरी न जाता थेट दवाखाना गाठा.